सामाजिक शास्त्रांच्या शालेय अध्यापनातील ऑनलाइन साधने : महाराष्ट्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

इतिहास, भूगोल व नागरिकशास्त्र हे विषय शालेय विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी आज मोठ्या प्रमाणावर ऑनलाइन साधने उपलब्ध आहेत. महाराष्ट्रात या साधनांमागे छापील पाठ्यपुस्तक, शालेय आकाशवाणी, शैक्षणिक दूरदर्शन आणि संगणक अशी दीर्घ परंपरा आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या परंपरेचा आढावा घेऊन 'साधन' या मराठी शब्दाच्या दोन अर्थांच्या आधारे आजच्या ऑनलाइन सामग्रीची चिकित्सा केली आहे. शिकविण्याचे साधन विपुल झाले, परंतु इतिहासाचे साधन विद्यार्थ्यापर्यंत पोहोचविण्याचे काम अपुरे राहिले, असा या निबंधाचा मुख्य प्रतिपाद्य मुद्दा आहे.

बीजसंज्ञा : सामाजिक शास्त्रे, परिसर अभ्यास, बालभारती, बालचित्रवाणी, दीक्षा, गॅझेटिअर, स्थानिक इतिहास.

प्रस्तावना

मराठीत 'साधन' हा शब्द शिक्षक एका अर्थाने वापरतो आणि इतिहास संशोधक दुसऱ्या अर्थाने. शिक्षकाच्या दृष्टीने नकाशा, तक्ता, प्रतिकृती, चित्रफीत ही शैक्षणिक साधने होत. ठरलेला आशय विद्यार्थ्याला सुलभपणे समजावा हे त्यांचे प्रयोजन असते. संशोधकाच्या दृष्टीने साधन म्हणजे पत्र, शिलालेख, नाणे, सनद, साक्ष किंवा बखर. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला तेव्हा त्यांना हा दुसरा अर्थ अभिप्रेत होता. पहिल्या अर्थाचे साधन उत्तर समजावून देते. दुसऱ्या अर्थाचे साधन प्रश्न विचारण्यास भाग पाडते.

इंटरनेटमुळे ही दोन्ही प्रकारची साधने एकाच पडद्यावर आली आहेत. गावातील शाळेत बसलेल्या विद्यार्थ्याला पाठावरील चित्रफीत पाहता येते, त्याचप्रमाणे १८८५ चे सातारा जिल्ह्याचे गॅझेटिअरही उघडता येते. पूर्वी अशा ग्रंथासाठी पुण्यामुंबईच्या ग्रंथालयात जावे लागत असे. ही सोय मोठी आहे. मात्र या सोयीचा सामाजिक शास्त्रांच्या अध्यापनाला नेमका कोणता लाभ झाला, हे पाहण्यासाठी तिच्यामागील इतिहास समजून घेणे आवश्यक ठरते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. महाराष्ट्रातील सामाजिक शास्त्रांच्या शालेय अध्यापन साधनांच्या विकासाचा आढावा घेणे.
२. सध्या उपलब्ध असलेल्या ऑनलाइन साधनांचे स्वरूप स्पष्ट करणे.
३. मूळ ऐतिहासिक साधनांचा वर्गात उपयोग करताना येणाऱ्या शक्यता व धोके यांचा विचार करणे.
४. साधनांची भाषा, उपलब्धता व जतन यांसंबंधीच्या समस्यांची चर्चा करणे.

संशोधन पद्धती व मर्यादा

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. अभ्यास प्रामुख्याने इयत्ता तिसरी ते दहावी या टप्प्यावरील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांच्या गरजा समोर ठेवून केला असून, खाजगी कंपन्यांच्या सशुल्क शिकवणी सामग्रीचा त्यात समावेश केलेला नाही.

विषय विवेचन

१. पाठ्यपुस्तकाचा वारसा

मराठी शाळांतील इतिहासाच्या अध्यापनाचा आरंभ अनुवादित ग्रंथापासून झाला. जेम्स ग्रँट डफ यांचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि डेव्हिड केपन यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद 'मराठ्यांची बखर' या नावाने शाळांतून वाचला जाऊ लागला. पुढे १८६० च्या दशकात नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थिदशेतच ग्रँट डफच्या इतिहासावर टीका करणारा निबंध वाचला. ग्रँट डफने वापरलेली साधने अपुरी होती आणि एतद्देशीय कागदपत्रांचा शोध घेतला पाहिजे, हा या टीकेचा गाभा होता. महाराष्ट्रातील साधनसंशोधनाच्या चळवळीची बीजे अशा रीतीने शाळेत शिकविल्या जाणाऱ्या पुस्तकाविषयीच्या असमाधानात सापडतात, ही बाब लक्षणीय आहे.

दुसरा महत्त्वाचा टप्पा महात्मा जोतीराव फुले यांच्या निवेदनाचा. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी ग्रामीण प्राथमिक शाळेचा अभ्यासक्रम कसा असावा हे मांडले. मोडी व बाळबोध वाचन-लेखन आणि हिशेब यांच्या जोडीला सामान्य इतिहास, सामान्य भूगोल, शेतीचे प्राथमिक ज्ञान व आरोग्य यांचा त्यांनी आग्रह धरला. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातील असावेत, असेही त्यांचे म्हणणे होते. इतिहास व भूगोल हे विषय कुणब्याच्या मुलाच्या जगण्याशी जोडले जावेत, ही अपेक्षा त्यामागे होती. आजच्या कोणत्याही साधनाचे मूल्यमापन करताना हा निकष उपयोगी पडतो.

स्वातंत्र्योत्तर काळात २७ जानेवारी १९६७ रोजी महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाची, म्हणजेच बालभारतीची, पुण्यात स्थापना झाली. एकसमान, स्वस्त व दर्जेदार पाठ्यपुस्तक राज्याच्या कानाकोपऱ्यात पोहोचविण्याचे काम या संस्थेने केले. इयत्ता चौथीचे शिवछत्रपतींच्या चरित्रावरील पुस्तक तर कित्येक पिढ्यांच्या सामायिक स्मृतीचा भाग झाले आहे. नोव्हेंबर १९७१ पासून निघू लागलेल्या 'किशोर' मासिकाने पाठ्यपुस्तकाबाहेरचा इतिहास, भूगोल व लोकजीवन मुलांपर्यंत नेले. तथापि या सर्व काळात पाठ्यपुस्तक हेच एकमेव प्रमाण मानले गेले. पुस्तकातील विधान कशाच्या आधारे केले आहे, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्याला लागली नाही. परीक्षापद्धतीलाही त्याची गरज वाटली नाही.

२. ध्वनी, चित्र आणि उपग्रह

पाठ्यपुस्तकाला पूरक म्हणून पहिले नवे माध्यम आले ते आकाशवाणीचे. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात शालेय प्रसारणाला आरंभ झाला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात झालेल्या 'साइट' या उपग्रह दूरदर्शन प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २४०० गावे निवडली होती. त्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. मात्र १९८२ नंतर इन्सॅट उपग्रहाच्या आधारे सुरू झालेल्या शैक्षणिक दूरदर्शन प्रकल्पात महाराष्ट्राची निवड झाली आणि त्यातूनच १९८४ मध्ये पुण्यात 'बालचित्रवाणी' ही संस्था उभी राहिली.

बालचित्रवाणीचे महत्त्व तिच्या भाषेत होते. प्राथमिक शाळेतील मुलांसाठी खास मराठीतून, महाराष्ट्रातील परिसर दाखविणारे कार्यक्रम येथे तयार झाले. किल्ले, नद्या, ग्रामपंचायत, बाजार, लोककला हे विषय मुलांनी चित्ररूपाने पाहिले. पाठ्यपुस्तकातील कृष्णधवल रेखाचित्रापेक्षा हा अनुभव निश्चितच समृद्ध होता. परंतु केंद्राचे अनुदान थांबल्यावर संस्था आर्थिक अडचणीत सापडली आणि मे २०१७ अखेर ती बंद करण्यात आली.

या घटनेकडे केवळ एका संस्थेच्या अंताच्या दृष्टीने पाहणे अपुरे ठरेल. तीन दशकांहून अधिक काळ सार्वजनिक पैशातून निर्माण झालेले शैक्षणिक साहित्य हे स्वतःच आता इतिहासाचे साधन आहे. १९८० च्या दशकात महाराष्ट्राने आपल्या मुलांना कोणता समाज दाखविला, कोणता वगळला, शेतकरी, स्त्री, आदिवासी यांचे चित्रण कसे केले, याचा तो पुरावा होय. छापलेले पुस्तक दुर्लक्षित राहिले तरी एखाद्या घराच्या माळ्यावर शंभर वर्षे टिकते. चित्रफितीचे तसे नाही. ती वाचणारे यंत्र नाहीसे झाले की फीत शाबूत असूनही मुकी होते. ऑनलाइन साधनांबाबत हा धोका अधिकच तीव्र आहे. संकेतस्थळाचे वार्षिक शुल्क भरले गेले नाही, तर ते एका रात्रीत नाहीसे होऊ शकते.

३. संगणक, टंक आणि मराठी मजकूर

शालेय संगणक साक्षरतेचा 'क्लास' हा केंद्र सरकारचा प्रकल्प १९८४-८५ मध्ये सुरू झाला. २००४ मध्ये शाळांसाठी माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाची योजना आली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'एज्युसॅट' हा शिक्षणासाठी वाहिलेला उपग्रह सोडण्यात आला. या काळात बऱ्याच शाळांत संगणक आले. मात्र संगणकावर सामाजिक शास्त्रे शिकविण्याइतका मराठी मजकूर उपलब्ध नव्हता.

याचे एक कारण तांत्रिक होते व त्याची दखल क्वचितच घेतली जाते. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासूनच स्थान असले तरी मराठी मजकूर दीर्घकाळ वेगवेगळ्या कंपन्यांच्या परस्परविसंगत टंकांत लिहिला जात असे. तो विशिष्ट टंक संगणकावर नसेल तर पडद्यावर अर्थहीन चिन्हे दिसत. असा मजकूर शोधयंत्राला सापडत नसे. परिणामी मराठी मजकूर महाजालावर असूनही नसल्यासारखाच होता. युनिकोडचा वापर रूढ झाल्यावर ही कोंडी फुटली. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया, तसेच महाराष्ट्र राज्य मराठी विश्वकोश निर्मिती मंडळाने संकेतस्थळावर खुला केलेला मराठी विश्वकोश ही त्याची ठळक उदाहरणे होत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली १९७६ मध्ये ज्याचा पहिला खंड निघाला, तो कोश खेड्यातील विद्यार्थ्याला विनामूल्य वाचता येणे ही मराठी शिक्षणाच्या इतिहासातील महत्त्वाची घटना मानावी लागेल.

४. सद्यस्थितीतील प्रमुख ऑनलाइन साधने

सध्याच्या साधनांचे स्थूलमानाने तीन गट पाडता येतात.

पहिला गट पाठ्यपुस्तकाधारित साधनांचा. केंद्रीय स्तरावर २०१३ मध्ये मुक्त शैक्षणिक साधनांचे राष्ट्रीय भांडार, २०१५ मध्ये 'ई-पाठशाला' आणि ५ सप्टेंबर २०१७ रोजी 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू झाले. महाराष्ट्राने पाठ्यपुस्तकांतच क्यूआर कोड छापून त्या त्या पाठाची पूरक सामग्री दीक्षावर उपलब्ध करून दिली. बालभारतीची पाठ्यपुस्तके ई-पुस्तक स्वरूपात विनामूल्य मिळतात आणि 'किशोर'चे जुने अंकही संकेतस्थळावर वाचता येतात.

दुसरा गट संदर्भसाधनांचा. मराठी विश्वकोश, कुमार विश्वकोश, विकिपीडिया आणि २०१८ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आलेले भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय यांचा येथे उल्लेख करता येईल.

तिसरा गट मूळ साधनांचा. जुनी गॅझेटिअरे, भारतीय राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल', संविधान सभेतील चर्चांचे वृत्तान्त, महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रकाशित केलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे लेखन व भाषणांचे खंड, गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात संपादित केलेले पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड, इस्रोचे 'भुवन' हे उपग्रह प्रतिमांचे संकेतस्थळ, २०१४ मध्ये पी. साईनाथ यांच्या पुढाकाराने सुरू झालेले ग्रामीण भारताचे जनसंग्रहालय 'पारी' ही सर्व साधने आता संगणकावर पाहता येतात.

या तीन गटांची तुलना केल्यास विषमता स्पष्ट होते. पहिल्या गटातील सामग्री मराठीत आहे, इयत्तावार आहे आणि शिक्षकाला सहज सापडते. परंतु ती बहुतांशी पाठातील मजकुराचीच पुनरावृत्ती करते. फळ्यावरील व्याख्यान चित्रफितीत आले, प्रश्नपेढी बहुपर्यायी झाली, एवढाच फरक पडतो. तिसऱ्या गटातील सामग्री सर्वांत मौल्यवान असून मुलांपासून सर्वांत दूर आहे. तिचा मोठा भाग इंग्रजीत आहे, काही मोडीत आहे आणि कोणत्या इयत्तेला त्यातील कोणते पान द्यावे याचे मार्गदर्शन जवळजवळ नाही.

५. मूळ साधने वर्गात : तीन उदाहरणे

मूळ साधनांचा वर्गात कसा उपयोग करता येईल, हे पुढील तीन उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

(अ) नकाशा व विस्थापन. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. पाठ्यपुस्तकात धरण म्हणजे सिंचन, वीज व विकास अशी मांडणी असते. १९५० च्या दशकात तयार झालेले भारताचे जुने स्थलदर्शक नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने महाजालावर खुले केले आहेत. त्यांतील भीमेचे पात्र आणि 'भुवन'वरील आजचा जलाशय शेजारी ठेवले, की धरणापूर्वीची नदी आणि पाण्याखाली गेलेला मुलूख विद्यार्थ्याला स्वतः शोधता येतो. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर पळसदेवचे जुने मंदिर पुन्हा दिसू लागते. ते गाव तेथे का वसले होते, लोक कोठे गेले, त्यांना काय मिळाले, हे प्रश्न मुले आपोआप विचारू लागतात. इंदापूर किंवा करमाळा तालुक्यातील विद्यार्थ्याला त्यांची उत्तरे घरातील आजीआजोबांकडेही मिळू शकतात. इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र यांची सांगड येथे कृत्रिमपणे घालावी लागत नाही.

(ब) मौखिक साक्ष. सातारा जिल्ह्यातील प्रतिसरकारचा उल्लेख पाठ्यपुस्तकात मोजक्या ओळींत येतो. ७ जून १९४३ रोजी तूफान सेनेच्या तरुणांनी शेणोली येथे पुणे-मिरज रेल्वेवर हल्ला करून ब्रिटिशांचा पगाराचा पैसा ताब्यात घेतला. त्या तूफान सेनेचे नेते कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, यांची वृद्धापकाळातील मुलाखत 'पारी'ने ध्वनिचित्रित केली. २०२२ मध्ये ते निवर्तले. आता ती साक्ष हेच साधन उरले आहे. विद्यार्थ्यांनी ती ऐकावी आणि पाठ्यपुस्तकातील ओळींशी ताडून पाहावी. सहभागी व्यक्तीला या घटनेविषयी 'लूट' हा शब्द मान्य होईल का, इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या अहवालात कोणता शब्द वापरला असता, अशी चर्चा आठवीच्या वर्गात सहज होऊ शकते. शब्दाच्या निवडीत दृष्टिकोन असतो, हा इतिहासलेखनशास्त्राचा मूलभूत धडा विद्यार्थी व्याख्येविना शिकतो.

(क) गॅझेटिअर. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली सिद्ध झालेली मुंबई इलाख्याची गॅझेटिअरे ही स्थानिक इतिहासाची खाण आहे. रत्नागिरीचा खंड १८८० चा, नाशिकचा १८८३ चा, सोलापूरचा १८८४ चा, पुणे व सातारा यांचे १८८५ चे. बाजारगावे, पिके, रस्ते, दुष्काळ, धान्याचे भाव, आठवडी बाजाराचे वार यांची तपशीलवार माहिती त्यांत मिळते. आपल्या तालुक्याचे दीडशे वर्षांपूर्वीचे वर्णन वाचताना मुलांना जो आनंद होतो, तो सर्वसाधारण पाठातून मिळणे कठीण. त्यांत पं. भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्या भारतीय विद्वानांचाही वाटा आहे.

परंतु याच ग्रंथांतील लोकसंख्येच्या प्रकरणात विविध जातिजमातींची जी वर्णने आहेत, ती वसाहतवादी दृष्टीने लिहिलेली आहेत. संपूर्ण समाजाला आळशी, भांडखोर अथवा चोर ठरविणारी विधाने त्यांत निःशंकपणे येतात. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यामागे हीच दृष्टी होती. १९११ च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यातही तो जाच वाढला, सोलापूरसारख्या ठिकाणी वसाहती उभ्या राहिल्या आणि स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. आज ज्या वर्गात हे पान पडद्यावर दाखविले जाईल, त्या वर्गात पारधी किंवा कैकाडी कुटुंबातील मूल बसलेले असू शकते. शिक्षकाने पूर्वतयारीविना ते पान उघडले, तर दीडशे वर्षांपूर्वीचा कलंक त्या मुलावर नव्याने लादला जाईल. 'सरकारी ग्रंथात लिहिले आहे' एवढ्यावर वर्गमित्र ते खरे मानतील.

यावर उपाय म्हणून असे साधन टाळणे योग्य नव्हे. ते कोणी, कोणासाठी व कोणत्या हेतूने लिहिले, हे आधी शिकविले पाहिजे. खालच्या इयत्तांत बाजार, पिके व रस्ते यांची पाने द्यावीत. समाजवर्णनाची पाने नववी-दहावीत, कायद्याचा इतिहास व संविधानातील समतेची तरतूद यांच्यासोबतच घ्यावीत. कोणते पान कोणत्या वयाला, कोणत्या प्रस्तावनेसह द्यायचे, हा निर्णय विवेकी शिक्षकाचा आहे. तो शोधयंत्रावर सोपविता येणार नाही.

६. उपलब्धतेचा प्रश्न

मार्च २०२० मध्ये कोविड-१९ मुळे शाळा बंद झाल्या आणि ऑनलाइन साधने पूरक न राहता एकमेव साधन बनली. 'असर' या सर्वेक्षणानुसार शाळेत नाव असलेल्या ग्रामीण मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२० मध्ये ६१.८ टक्के झाले. म्हणजे आणीबाणीच्या त्या वर्षीही दर पाच मुलांपैकी जवळजवळ दोघांच्या घरात हे साधन नव्हते. जेथे होते तेथेही ते बहुधा वडिलांच्या खिशात असे व त्यांच्याबरोबर कामावर जाई. म्हणूनच सह्याद्री वाहिनीवरील 'टिलीमिली'सारख्या दूरदर्शन मालिकेची गरज भासली. कालबाह्य मानलेले माध्यम संकटकाळी उपयोगी पडले आणि तेही बालचित्रवाणी बंद झाल्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी.

शाळांची स्थिती त्यानंतर सुधारली आहे. यूडायस प्लसच्या आकडेवारीनुसार देशातील इंटरनेट असलेल्या शाळांचे प्रमाण २०२१-२२ मध्ये ३३.९ टक्के होते, ते २०२३-२४ मध्ये ५३.९ टक्के झाले. तरीही जोडणी असणे म्हणजे इतिहासाच्या तासाला तिचा उपयोग होणे नव्हे. संगणक कक्षाचे वेळापत्रक, वीजपुरवठा आणि प्रशिक्षित शिक्षक यांवर ते अवलंबून असते. गणित व इंग्रजी या विषयांना कक्षात प्राधान्य मिळते आणि सामाजिक शास्त्रांचा क्रम शेवटी लागतो, हीच सर्वसाधारण प्रवृत्ती दिसते.

यास जोडून मुलांच्या खाजगी माहितीचा प्रश्नही विचारात घ्यावा लागतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीवर प्रक्रिया करण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानली आहे. विनामूल्य साधन वापरताना मुलाचे नाव, शाळा व छायाचित्र कोठे साठविले जाते, याविषयी शाळेने जागरूक असले पाहिजे. नागरिकशास्त्राच्या तासाला हा स्वतंत्र अभ्यासविषय होऊ शकतो.

निष्कर्ष

१. महाराष्ट्रात पाठ्यपुस्तकापासून ऑनलाइन साधनांपर्यंत माध्यमे बदलत गेली, परंतु पाठ्यपुस्तककेंद्री अध्यापनाची पद्धत मोठ्या प्रमाणात कायम राहिली.
२. मराठीतील ऑनलाइन सामग्रीत स्पष्टीकरणात्मक साहित्याचे प्राबल्य आहे. मूळ साधने उपलब्ध असली तरी भाषा, लिपी व मार्गदर्शनाच्या अभावी ती शालेय विद्यार्थ्यापर्यंत पोहोचत नाहीत.
३. मूळ साधनांच्या आधारे स्थानिक इतिहास शिकविल्यास विद्यार्थ्याचे स्वतःचे गाव, कुटुंब व भाषा अभ्यासविषय बनतात. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये व्यक्त केलेल्या अपेक्षेशी ही दिशा सुसंगत आहे.
४. वसाहतकालीन साधने चिकित्सेविना वापरल्यास वंचित समाजातील विद्यार्थ्यांवर अन्याय होण्याचा धोका आहे.
५. डिजिटल साधनांच्या जतनाची जबाबदारी निश्चित नसल्यास आजची सामग्रीही कालांतराने नष्ट होईल.

शिफारशी

१. प्रत्येक जिल्ह्यासाठी मूळ साधनांतील निवडक वीस-पंचवीस पाने मराठी अनुवाद, टिपा व प्रश्नांसह इयत्तावार संकलित करावीत. जिल्ह्यातील वरिष्ठ महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हे काम हाती घ्यावे.
२. ही संकलने कमी क्षमतेच्या मोबाइलवर उघडतील, उतरवून घेता येतील आणि छापून फळ्याशेजारी लावता येतील अशा स्वरूपात असावीत.
३. डी.एल.एड. व बी.एड. अभ्यासक्रमांत साधनचिकित्सेचा स्वतंत्र घटक असावा.
४. सार्वजनिक निधीतून तयार झालेल्या सर्व शैक्षणिक ध्वनिचित्रफिती व डिजिटल पाठ यांची प्रत राज्य अभिलेखागारात जमा करण्याचा नियम करावा.
५. विद्यार्थ्यांनी गोळा केलेल्या मौखिक साक्षी संबंधितांच्या संमतीने जिल्हा पातळीवर जतन कराव्यात.

समारोप

ऑनलाइन साधनांनी ग्रंथालयाचे दार उघडले आहे, हे निर्विवाद. त्या दारातून आत गेलेल्या मुलाला कपाटातील कोणता ग्रंथ हाती घ्यावा व तो कसा वाचावा, हे सांगणारे माणूस मात्र तेथे असावयास हवे. कीर्तने यांच्यासारख्या विद्यार्थ्याने शाळेत शिकविल्या जाणाऱ्या इतिहासाला प्रश्न विचारला, त्या काळी महाराष्ट्रात साधनांचे दुर्भिक्ष होते. आज सुकाळ आहे. या सुकाळात प्रश्न विचारणारी मुले घडली नाहीत, तर दोष साधनांकडे जाणार नाही. शाळा, महाविद्यालय आणि शासन यांनी आपापल्या वाट्याचे काम केले की नाही, यावरच त्याचा निर्णय होईल.